सरळ रेषेचा चढ आणि इंटरसेप्ट कसा काढायचा, अगदी पहिल्यापासून

परवा संध्याकाळी भाची गणिताची वही घेऊन आली. पानावर समीकरण होतं २एक्स + ३वाय = १२ आणि खाली पेनने गोल करून उत्तर, चढ = २. हे कसं आलं विचारलं तर म्हणाली, "मामा, एक्सच्या पुढचा आकडा म्हणजेच चढ ना, क्लासमध्ये तर असंच सांगितलंय." आता सांगितलेलं चूक नाहीये, पण ते अर्धंच वाक्य आहे. त्याच्या आधीची अट तिच्या वहीत कुठेच नव्हती, की वाय एका बाजूला एकटा असेल तरच. या एका अटीपायी दहावी-अकरावीच्या किती पोरांचे मार्क जातात ते मी दरवर्षी घरी शिकवताना बघतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी इथे बोलतो तसंच एक्स, वाय, एम, सी लिहितोय. एम म्हणजे चढ, स्लोप. सी म्हणजे इंटरसेप्ट, मराठी पुस्तकांत त्याला आंतरछेद किंवा अंतःखंड असे शब्द सापडतील.

चढ म्हणजे नक्की काय

नाशिककरांना चढ समजवायला कसारा घाटापेक्षा चांगलं उदाहरण नाही. मुंबईहून येताना गाडी कसाऱ्याला थांबते, मागून ढकलणारं जादा, म्हणजे बँकर इंजिन लागतं, एक धक्का बसतो आणि मग गाडी हळूहळू इगतपुरीकडे चढायला लागते. या घाटात (यालाच थळ घाटही म्हणतात) रेल्वेचा चढ ३७ ला १ असा आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. चढ म्हणजे एवढंच, वर किती गेलो भागिले पुढे किती गेलो. इथे तो १/३७, साधारण ०.०२७. एक किलोमीटर पुढे गेलं की जवळपास २७ मीटर उंची वाढली. कोनात बघाल तर जेमतेम दीड अंश भरतो, डोळ्यांना सपाटच वाटेल, पण रेल्वेसाठी हा एवढा चढ की जादा इंजिनं लावावी लागतात.

आता घरातला जिना बघा. पायरी ६ इंच उंच आणि १० इंच रुंद असेल तर चढ ६/१०, म्हणजे ०.६. आकडा जेवढा मोठा तेवढी रेषा उभी. उजवीकडे जाताना रेषा खाली उतरत असेल तर चढ मायनसमध्ये. इगतपुरीहून कसाऱ्याकडे जायची दिशा उजवी धरली तर तो −१/३७, रूळ तेच पण दिशा उलटी.

घोकायचंच असेल तर हे घोका: एक्स १ ने वाढला की वाय किती बदलतो, तो आकडा म्हणजे चढ. चढ ३ असेल तर एक्स एकाने वाढला की वाय तीनने वाढतो, −२ असेल तर दोनने कमी होतो. सूत्र वगैरे सगळं यातूनच निघतं.

आणि इंटरसेप्ट

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला अशी बातमी आली की अख्खं शहर एकच प्रश्न विचारतं, रामकुंडापाशी गोदावरीत उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, ही आपली गोदावरीच्या पुराची मोजपट्टी. समजा सकाळी ८ वाजता तुम्ही रामकुंडावर पोहोचलात तेव्हा मूर्तीपाशी ३ फूट पाणी आहे आणि तासाला अर्धा फूट वाढतंय (आकडे माझे, सोपे जावेत म्हणून घेतलेत). मग एक्स तासांनी पाणी किती?

वाय = ०.५एक्स + ३

तो ३ म्हणजे इंटरसेप्ट, आपण मोजायला सुरुवात केली तेव्हा जे होतं ते, म्हणजे एक्स शून्य असताना वाय किती. आलेखावर रेषा वाय-अक्षाला जिथे कापते ती जागा. आणि ०.५ हा चढ, दर तासाला अर्धा फूट. चढाला एकक असतं हे लक्षात ठेवा, इथे फूट प्रतितास. शाब्दिक उदाहरणात एकक लिहायची सवय लावली तर कुठला आकडा चढ आणि कुठला इंटरसेप्ट हा गोंधळ निम्मा तिथेच संपतो, कारण इंटरसेप्टचं एकक नुसतं फूट असतं, त्यात 'प्रति' काही नसतं.

विसर्ग कमी केला आणि पाणी ४ फुटांवरून तासाला अर्धा फूट उतरायला लागलं तर वाय = −०.५एक्स + ४. आता वाय शून्य कधी होईल? ०.५एक्स = ४, म्हणजे एक्स = ८, आठ तासांनी. हा एक्स-इंटरसेप्ट, रेषा एक्स-अक्षाला कापते ती जागा. दोन्हीचा नियम एकच आहे आणि पोरं तो नेमका उलटा करतात. वाय-इंटरसेप्ट हवा तर एक्सला शून्य करा, एक्स-इंटरसेप्ट हवा तर वायला शून्य करा. नुसतं 'इंटरसेप्ट' म्हटलं तर बहुतेक वेळा वायचाच विचारलेला असतो.

समीकरण तयार असेल तेव्हा

वाय = एम एक्स + सी या रूपात समीकरण असेल तर काही काढायचंच नाही, फक्त वाचायचं. वाय = ३एक्स − ७, चढ ३, इंटरसेप्ट −७. चिन्ह आकड्यासोबतच येतं, ७ लिहिलंत तर चूक. वाय = ४एक्स, इथे पुढे काहीच नाही म्हणजे सी शून्य आणि रेषा आरंभबिंदूतून जाते. वाय = ५ − २एक्स मध्ये क्रम उलटा दिलाय, पोरं घाईत चढ ५ लिहून मोकळी होतात. ज्याच्या गळ्यात एक्स आहे तो चढ, मग तो कुठेही बसलेला असो, म्हणून इथे चढ −२ आणि इंटरसेप्ट ५. वाय = एक्स + १ मध्ये एक्सच्या पुढे आकडा दिसत नाही म्हणून चढ शून्य समजू नका, तिथे १ आहे. आणि वाय = −एक्स + १ असेल तर −१.

वाय एकटा नसेल तेव्हा: खरी मेख इथे

भाचीचंच उदाहरण घेऊ, २एक्स + ३वाय = १२. आपल्याला वाय एकटा पाहिजे आणि त्याच्या पुढे १ च पाहिजे. असं का, तर चढ म्हणजे 'एक वाय' किती बदलतो. आत्ता डावीकडे तीन वाय आहेत, तीन वायचा बदल म्हणजे चढ नव्हे.

आधी एक्सवाला भाग पलीकडे न्या, चिन्ह बदलेल.

३वाय = −२एक्स + १२

आता दोन्ही बाजूंना ३ ने भागा, आणि उजवीकडच्या दोन्ही पदांना भागा, एकाला भागून दुसऱ्याला तसंच सोडू नका. ही चूक मी इतक्या वह्यांमध्ये पाहिलीय की हल्ली त्या ओळीला मी उजवीकडे दोन्ही पदांखाली पेन्सिलने छोटी रेघ मारायला लावतो, मगच भागाकार.

वाय = −(२/३)एक्स + ४

चढ −२/३, इंटरसेप्ट ४. तिचं उत्तर होतं २. म्हणजे आकडाही वेगळा आणि चिन्हही वेगळं, तिची रेषा वर चढत होती आणि खरी रेषा खाली उतरते.

लगेच पडताळून बघायचं, अर्धा मिनिट लागतो. मूळ समीकरणात एक्स = ० टाका, ३वाय = १२, वाय = ४, इंटरसेप्ट बरोबर. आता एक्स = ३ टाका, ६ + ३वाय = १२, वाय = २. म्हणजे ३ पुढे गेलो आणि वाय ४ वरून २ वर आला, २ ने उतरला. −२/३. जुळलं. पडताळा नेहमी मूळ समीकरणात करा, आपण तयार केलेल्यात नाही, कारण मधल्या ओळीत चूक झाली असेल तर ती तिथे तशीच बसलेली असते.

आता वायच्या आधी मायनस असलेलं एक करू, ५एक्स − २वाय = १०. एक्स पलीकडे नेला की

−२वाय = −५एक्स + १०

आता −२ ने भागायचं, २ ने नाही. मायनस भागिले मायनस प्लस, आणि प्लस भागिले मायनस मायनस, म्हणून

वाय = (५/२)एक्स − ५

चढ ५/२, इंटरसेप्ट −५. एक्स = ० टाकून बघा, −२वाय = १०, वाय = −५. बरोबर. इथे ज्यांना मायनसने भागायची भीती वाटते त्यांनी सरळ वायच उजवीकडे न्यावा, ५एक्स − १० = २वाय, मग २ ने भागा आणि बाजू बदलून लिहा. उत्तर तेच येतं आणि चिन्हांची झटापट वाचते, मला स्वतःला हीच पद्धत जास्त आवडते.

ए एक्स + बी वाय + सी = ० असं सामान्य रूप दिलं असेल तर वरचंच सगळं एकदा अक्षरांनी केलं की निघतं, चढ = −ए/बी आणि इंटरसेप्ट = −सी/बी. शॉर्टकट चांगलाय, वेळ वाचतो, पण त्यात एक खड्डा आहे. सामान्य रूपातला सी आणि वाय = एम एक्स + सी मधला सी, दोन्हीला अक्षर एकच आणि अर्थ वेगळा. त्यामुळे ३एक्स + ४वाय − २४ = ० बघून पोरं इंटरसेप्ट −२४ लिहितात. खरा इंटरसेप्ट −(−२४)/४ म्हणजे ६, आणि चढ −३/४. शिवाय हा शॉर्टकट सगळं एका बाजूला आणि पलीकडे शून्य असेल तेव्हाच लागतो, ३एक्स + ४वाय = २४ ला तसाच लावलात तर इंटरसेप्टचं चिन्ह उलटं येईल. म्हणून जोपर्यंत हात बसत नाही तोपर्यंत वाय एकटा करा, दोन ओळी जास्त लागल्या तर लागू द्या.

अपूर्णांकाचं एक रूप अकरावीत येतं, एक्स/३ + वाय/२ = १. उजवीकडे १ असेल तर दोन्ही इंटरसेप्ट खालीच लिहिलेले असतात, एक्सचा ३ आणि वायचा २. चढ −२/३.

दोन बिंदू दिले असतील तर

इथे मी कांद्याकडे वळतो. ट्रॅक्टर भाड्याने घेऊन लासलगावला कांदा नेला की एक खर्च ठरलेला, ट्रॅक्टरचं भाडं, आणि दुसरा क्विंटलवर वाढणारा, भराई, हमाली, तोलाई मिळून. समजा एका खेपेला १८ क्विंटलला एकूण खर्च २५२० रुपये आला आणि दुसऱ्या खेपेला २५ क्विंटलला २८००. भाडं किती आणि क्विंटलमागे किती, हे कागदावर वेगळं लिहिलेलंच नाही. काढायचं कसं?

दोन बिंदू झाले, (१८, २५२०) आणि (२५, २८००). चढ म्हणजे वायमधला फरक भागिले एक्समधला फरक.

एम = (२८०० − २५२०) / (२५ − १८) = २८० / ७ = ४०

क्विंटलमागे ४० रुपये. आता कुठलाही एक बिंदू घ्या आणि सी काढा. २५२० = ४० × १८ + सी, ४० × १८ म्हणजे ७२०, म्हणून सी = १८००. ट्रॅक्टरचं भाडं १८०० रुपये. दुसऱ्या बिंदूने तपासा, ४० × २५ = १०००, अधिक १८००, झाले २८००. जुळलं.

मग तिसऱ्या खेपेला ३० क्विंटल नेले तर ३००० रुपये व्हायला पाहिजेत. ३३०० झाले असतील तर तो तिसरा बिंदू रेषेवर नाहीये, म्हणजे वरचे ३०० कसले ते विचारायला हवं, रात्री मुक्काम पडला असेल किंवा दुसरं काही. दोन बिंदूंतून रेषा कायम जातेच, त्यात कौतुक नाही, प्रकरण खरंच सरळ रेषेचं आहे का ते तिसरा बिंदू सांगतो.

आकडे मायनस असले की लोक घसरतात म्हणून एक तसंही करू, (−२, ७) आणि (४, −५).

एम = (−५ − ७) / (४ − (−२)) = −१२ / ६ = −२

खालचा कंस बघा, ४ वजा वजा २ म्हणजे ६, २ नाही. कंस न घालता ४ − २ लिहिलं की उत्तर −६ येतं आणि पुढचं सगळं वाया. सी साठी ७ = (−२)(−२) + सी, म्हणजे ७ = ४ + सी, सी = ३. समीकरण वाय = −२एक्स + ३. दुसरा बिंदू टाका, −८ + ३ = −५, बरोबर.

कुठला बिंदू पहिला धरायचा याने काही फरक पडत नाही, फक्त वर आणि खाली क्रम तोच ठेवा. वर दुसऱ्यातून पहिला वजा आणि खाली पहिल्यातून दुसरा वजा असं झालं की चिन्ह उलटतं.

आलेखावरून काढताना

आलेखाच्या कागदावर रेषा दिली असेल तर ती जिथे चौकटीच्या नेमक्या कोपऱ्यातून जाते असे दोन बिंदू शोधा, अंदाजाने अर्ध्या चौकटीतले घेऊ नका. आणि शक्य तेवढे लांबचे घ्या, जवळचे घेतले की वाचनातली बारीक चूकही चढात मोठी होऊन बसते.

त्याहून महत्त्वाचं, चौकटी मोजू नका, अक्षावरचे आकडे वाचा. आडव्या अक्षावर १ सेंमी = १ आणि उभ्या अक्षावर १ सेंमी = १० असं प्रमाण घेतलं असेल तर रेषा दिसायला ४५ अंशात असली तरी चढ १ नाही, १० आहे. परीक्षेत हे मुद्दाम देतात. तसंच कधीकधी आडवा अक्ष शून्यापासून सुरूच होत नाही, २० पासून होतो, तेव्हा डावीकडच्या कडेला रेषा जिथे कापलेली दिसते तो इंटरसेप्ट नव्हे, तिथे एक्स २० आहे. अशा वेळी दोन बिंदू घेऊन सी हिशोबानेच काढा.

आडवी आणि उभी रेषा

वाय = ४ मध्ये एक्स दिसतच नाही, म्हणजे एक्स कितीही फिरवा वाय हलत नाही, चढ ०, इंटरसेप्ट ४. ही फरशी. एक्स = ३ ही भिंत. दोन बिंदू घ्या, (३, १) आणि (३, ५), चढ = ४ / ०, आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून चढ काढताच येत नाही, अव्याख्येय. तिथे ० लिहिलंत तर भिंतीला फरशी म्हटल्यासारखं होईल. ही रेषा वाय-अक्षाला समांतर उभी, त्याला कधी भेटतच नाही, म्हणून वाय-इंटरसेप्टही नाही. एक्स-इंटरसेप्ट मात्र आहे, ३.

जाता जाता, समांतर रेषांचे चढ सारखे असतात, आणि एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या रेषांच्या चढांचा गुणाकार −१ येतो, अर्थात दोघींपैकी एक उभी नसेल तर. चढ २/३ असेल तर काटकोनातल्या रेषेचा −३/२. रेषेने एक्स-अक्षाशी केलेला कोन (थीटा) दिला असेल तर चढ = टॅन थीटा, ४५ अंशाला १.

आता तुम्ही करा

वहीत करा, तोंडी नको. पहिलं, ७एक्स + २वाय = १४. दुसरं, ३एक्स − वाय + ६ = ०. तिसरं, ४वाय + १२ = ०. चौथं, (१, −१) आणि (३, ५) या बिंदूंतून जाणारी रेषा. पाचवं, सोसायटीची टाकी भरतेय, मोटर सुरू केल्यावर १० मिनिटांनी टाकीत ५५० लिटर पाणी आहे आणि २५ मिनिटांनी १००० लिटर, तर मोटर मिनिटाला किती लिटर भरते आणि सुरू केली तेव्हा टाकीत आधीच किती पाणी होतं?

उत्तरं अशी. पहिल्याचा चढ −७/२, इंटरसेप्ट ७. दुसऱ्याचा चढ ३, इंटरसेप्ट ६, इथे चढ −३ आला असेल तर वायच्या आधीचा मायनस सुटलाय, परत जाऊन बघा. तिसरी आडवी रेषा, वाय = −३, चढ ० आणि इंटरसेप्ट −३. चौथ्याचा चढ ३, इंटरसेप्ट −४. आणि टाकीचं, ४५० लिटर १५ मिनिटांत म्हणजे मिनिटाला ३० लिटर, पहिल्या १० मिनिटांत ३०० भरले, म्हणजे मोटर सुरू केली तेव्हा टाकीत २५० लिटर होते. हे शेवटचं भाचीने सूत्र न लिहिताच सोडवलं, आणि मग स्वतःहून त्याच पानावर वर जाऊन तो गोल केलेला २ खोडला, शेजारी −२/३ लिहिलं.